दिवेलागणीनंतरचे तीन मैल : ग्रँड कॅन्यन एका दिवसात उतरून चढायचा असेल तर

दर सप्टेंबरात ॲरिझोनातल्या आमच्या चँडलरच्या घरी कुणाचा तरी फोन येतो. कधी नाशिकची भाचरं, कधी नोकरीसाठी फिनिक्सला आलेली पुण्याची मुलं, एकदा तर साठीला टेकलेलं जोडपं होतं. सगळ्यांनी सह्याद्री पायाखाली घातलेला असतो आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन त्याच दिवशी परत यायचं, तर अंधाराच्या आत वर पोचू ना?

मी सांगते, नाही पोचणार. ऑक्टोबराच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्य सकाळी पावणेसातला उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत मावळतो. म्हणजे हातात अकरा तासांचा उजेड, आणि चांगल्या पण साध्या माणसाला ही वाट करायला चौदा तास लागतात. जे अंधार चुकवायला धावतात ते उतरताना गुडघे घालवतात, तळाशी जेवत नाहीत, आणि शेवटी अंधारात सापडतातच. तेव्हा शेवटचे तीन मैल दिव्याच्या उजेडात चालायचे आहेत हे घरून निघतानाच ठरवा. मग सगळी तयारी आपोआप त्या तीन मैलांच्या भोवती होते.

आधी एक गोष्ट नीट ऐका. काठावरून नदीपर्यंत आणि परत, हे एका दिवसात करू नका असं उद्यानाचे रेंजर सांगतात आणि वाटेवर तशा पाट्याही आहेत. मे ते सप्टेंबर या काळात मीही तेच सांगेन, आणि त्यात कुणाचाही अपवाद करणार नाही. उन्हाळ्यात तळाशी चाळीस अंशांच्या वर पारा जातो आणि खालचा काळा कातळ रात्रीही तापलेला राहतो. इथे मेलेल्यांत तरुण, धडधाकट माणसं आहेत. ऑक्टोबराच्या मध्यापासून नोव्हेंबराच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस मला योग्य वाटतात. तेही ज्याने गेल्या दोन महिन्यांत एका दिवसात वीस किलोमीटर आणि हजार मीटर चढ-उतार केला आहे, त्यालाच. नाहीतर तळाशी मुक्काम करा. मात्र तंबूत राहायचं तर आधी परवाना काढावा लागतो, आणि फँटम रँच या तळाच्या विश्रामगृहातल्या खोल्यांची सोडत पंधरा महिने आधी निघते. दिवसात जाऊन येणाऱ्याला परवाना लागत नाही. त्यामुळेच एवढे लोक हा मोह धरतात.

कुठून उतरायचं, कुठून चढायचं

दक्षिण काठावरून दोन मोठ्या वाटा खाली जातात, साउथ कैबाब आणि ब्राइट एंजल. आपल्या भाषेत सांगायचं तर साउथ कैबाब सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उघड्या धारेवरून उतरते आणि ब्राइट एंजल नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या घळीतून. एवढं कळलं की बाकी सगळं कळतं. सोंडेवर सावली नाही, पाण्याचा थेंब नाही, पण चौफेर उघडं दृश्य आहे आणि उतार थेट आहे. नाळेत ओढा आहे, झाडं आहेत, कड्यांची सावली लवकर पडते आणि वाट जरा लांब असली तरी सोसवते. म्हणून सकाळच्या गारव्यात सोंडेवरून उतरा, दुपारनंतर नाळेतून चढा. उलटं कधीही करू नका.

पाट्या मैलांत आहेत, म्हणून मीही मैलच सांगते. साउथ कैबाबच्या माथ्यावरून खालच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडपर्यंत सात मैल, तिथून ब्राइट एंजल वाटेने वर साडेनऊ. एकूण साडेसोळा, म्हणजे साडेसव्वीस किलोमीटर. उतार साधारण १,४५० मीटर, चढ १,३३५ मीटर. आतकरवाडीतून सिंहगड लागोपाठ दोनदा चढल्यावर जेवढं होतं त्याहून थोडं जास्तच, आणि तेही सकाळभर उतरून मांड्या थकल्यावर.

खरी मेख वेगळीच आहे. त्या चढाईतले ९०० मीटरहून जास्त शेवटच्या साडेचार मैलांत आहेत. नदीपासून अर्ध्या वाटेवरच्या हवासुपाई गार्डन्स या बागेपर्यंत वाट त्या मानाने प्रेमळ आहे, तिथून पुढे ती उभी होते. म्हणजे सगळ्यात कठीण, सगळ्यात काळोखा आणि सगळ्यात थंड, तिन्ही एकाच ठिकाणी. तळाशी दुपारी अंगात सुती सदरा पुरेल एवढी ऊब असते, आणि काठावर रात्री आठला तापमान गोठणबिंदूकडे निघालेलं असतं.

माझी पहिली खेप

पहिल्यांदा मी आणि माझा धाकटा दीर गेलो. हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी सगळं झालेलं, त्यामुळे मनात शंकाच नव्हती. निघायला नऊ वाजले. उतरताना दर वळणावर फोटो. तळाशी पाय सोडून बसलो ते तासाच्या वर. हवासुपाई गार्डन्सला पोचलो तेव्हा झाडांखाली काळोख होता.

दोघांत मिळून एक हेडटॉर्च होती, तिच्यातले सेल दिवाळीच्या माळेतून काढून घातलेले. काठाखाली तीन मैलांवरच्या निवाऱ्याशी उजेड पिवळा झाला, मग नुसता वातीसारखा. दिराच्या फोनवर चालायला लागलो, तर थंडीने फोन तीस टक्क्यांवरून सरळ बंद पडला. घामाने भिजलेल्या कपड्यांत आम्ही एका वळणावर कड्याला पाठ लावून बसलो आणि मला हुडहुडी भरली. बोलताना माझे शब्द जड येत होते, ते मला कळत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

अर्ध्या तासाने खालून दोन दिवे आले. सत्तरीतले नवराबायको होते. त्यांनी काही विचारलं नाही. बाईंनी स्वतःच्या सॅकमधून कोरडं जाकीट काढून मला घातलं, एक जादा दिवा दिराच्या डोक्याला बांधला, मला रांगेत दुसरं उभं केलं आणि म्हणाल्या, आता तुझ्या चालीने. काठावर पोचलो तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती.

त्यानंतर पाच वेळा गेले. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्या बाईंच्या सॅकमध्ये होतं.

दिवे

माणशी दोन हेडटॉर्च. एक टॉर्च आणि जादा सेल असं नको, कारण अंधारात गारठलेल्या बोटांनी सेल बदलायलाही उजेड लागतो. नवे सेल घाला. लिथियमचे मिळाले तर तेच, थंडीत ते टिकतात. फोनला दिव्यात धरू नका. तो आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. दरीत रेंज नसते, त्यामुळे सकाळीच विमान मोडवर टाका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र गटात एक तरी असावं.

दिवा लावायची वेळ म्हणजे दिसेनासं झाल्यावर नव्हे. तीन मैलांच्या निवाऱ्याशी पोचलात की उजेड असला तरी टॉर्च कपाळावर चढवा, जाकीट वरच्या कप्प्यात आणा, खाऊ खिशात घ्या. मावळल्यानंतर संधिप्रकाश अर्धा तास टिकतो, पण नाळेत तोही अर्धाच पोचतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्याच रेषेत असतो, त्यामुळे दगडाची सावली दिसत नाही आणि वाट सपाट वाटते. या वाटेवर माती वाहून जाऊ नये म्हणून आडवे ओंडके टाकलेले आहेत, खेचरांच्या खुरांनी त्यांच्यामागे खळगे पडलेले आहेत. पाय तिथेच मुरगळतो. टॉर्च काढून हातात, कमरेजवळ धरा. एकदम प्रत्येक ओंडक्याची सावली पडते आणि पायरी किती उंच ते कळतं. पूर्ण उजेडावरही ठेवू नका. मंद ठेवलात तर डोळे अंधाराला सरावतात आणि सेल पुरतात.

कोजागिरीच्या आसपासचा दिवस धरायचा मोह सगळ्यांना होतो. धरा जरूर, मी दोनदा धरला आहे. पण चंद्र उगवला तरी कडे ओलांडून नाळेत उतरायला त्याला वेळ लागतो. समोरचा उत्तर काठ दुधाने धुतल्यासारखा दिसत असतो आणि तुमच्या पायाशी मिट्ट काळोख. चांदणं बघण्यासाठी, चालण्यासाठी टॉर्च.

पाणी आणि खाणं

साउथ कैबाबवर पाणी नाही म्हणजे नाहीच. निघताना माणशी तीन लिटर. फँटम रँचच्या आसपास आणि हवासुपाई गार्डन्सला नळ आहेत. दीड आणि तीन मैलांच्या निवाऱ्यांचे नळ हिवाळ्यात बंद करतात, आणि ते ऑक्टोबरातच बंद झालेले असू शकतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. दरी ओलांडून पाणी आणणारी जुनी जलवाहिनी वारंवार फुटते, तेव्हा बाकीचे नळही कोरडे पडतात. आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर नळांची आणि वाटांची स्थिती बघा. तिथल्या बॅककंट्री कचेरीत जाऊन विचारलंत तर आणखी बरं, कारण दुरुस्तीसाठी वाटा आणि पूलही बंद ठेवतात. सोबत गाळणी किंवा क्लोरीनच्या गोळ्या हव्यातच, ओढ्याचं पाणी त्याशिवाय पिऊ नका.

आपल्या लोकांची चूक नेमकी उलटी असते. भीतीने ते नुसतं पाणीच पीत राहतात. कोरड्या हवेत घाम दिसतही नाही, वाळून जातो, गालांवर मिठाची पूड राहते. मीठ गेलं, आत नुसतं पाणी भरलं, की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळतं, डोकं दुखतं, माणूस असंबद्ध बोलतो, आणि सोबतच्यांना वाटतं याला अजून पाणी द्या. म्हणून प्रत्येक पाण्याच्या थांब्याला काहीतरी खारट खायचंच. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं लावलेल्या दशम्या, चिक्की आणि एका बाटलीत आमसुलाचं सरबत, त्यात साखर आणि मीठ दोन्ही सढळ. दुपारी तीननंतर कुणालाच खावंसं वाटत नाही. त्या वेळी लोणच्याची फोड जिभेला लावली की पोळी आत जाते. हवासुपाई गार्डन्सला पोटभर खा, कारण पुढचा चढ त्यावरच चढायचा आहे.

सकाळ

साउथ कैबाबच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. गाडी ब्राइट एंजलच्या बाजूला ठेवा, म्हणजे रात्री वर आल्यावर जवळ असेल, आणि पहाटेच्या हायकर्स बसने जा. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. साडेसहाला पाऊल वाटेवर पडलंच पाहिजे. लक्षात ठेवा, ॲरिझोना घड्याळं पुढे-मागे करत नाही. शेजारच्या युटातून येणाऱ्यांचा एक तास इथे हमखास चुकतो.

उतरताना घाई नको. काठ्या घ्या, पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. घसारा फारसा नाही, पण वाळू पसरलेल्या कातळावर बूट सरकतात. पायाखालचा रंग बदलत जातो : आधी पिवळट चुनखडी, मग कोकोनिनो नावाचा दुधाळ दगड, मग लाल माती, मग रेडवॉल नावाचा उभा कडा. काठावरचा दगड सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात तरुण थरापुढेही लहान. हे रंग ध्यानात ठेवा. रात्री वर येताना तेच थर उलट्या क्रमाने लागतात आणि किती उरलं ते सांगतात.

खेचरांचा तांडा आला की वाटेच्या आतल्या, कड्याकडच्या बाजूला उभं राहायचं, हलायचं नाही, खेचरवाला सांगेल तसं करायचं.

परत फिरायचं तर कुठे, हे आधीच ठरवा. सीडर रिज दीड मैलावर, स्केलेटन पॉइंट तीन मैलांवर. स्केलेटन पॉइंटला साडेआठच्या पुढे पोचलात, किंवा कुणाचा गुडघा बोलायला लागला, तर तिथूनच माघारी वळा. तिथून नदी दिसते, दिवस वाया गेला असं होत नाही. त्याच्या खाली उतरलात की मग परत फिरण्यापेक्षा पुढे जाऊन ब्राइट एंजलने चढणंच बरं, कारण तिकडे पाणी आहे. म्हणून निर्णयाची खरी जागा ती एकच.

तळाशी एक तास

बोगद्यातून काळ्या झुलत्या पुलावर पाऊल पडतं तेव्हा अकरा वाजलेले असावेत. हा पूल १९२८चा. त्याच्या लांबलचक पोलादी तारा, एकेक टनाच्या आसपासची, इथल्या मूळ रहिवासी हवासुपाई लोकांनी ओळीने खांद्यावर घेऊन याच वाटेने खाली आणल्या. मी दर वेळी पुलाच्या मध्यावर थांबते आणि त्या तारेला हात लावते. पुढे ज्या बागेत आपण पाणी भरतो, तिथे याच लोकांची शेती होती. त्यांना तिथून काढून लावलं गेलं. त्या जागेला त्यांचं नाव मिळायला २०२२ साल उजाडलं.

नदीत उतरू नका. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातलं खोलवरचं पाणी आहे, बर्फासारखं, आणि ओढ वरून दिसत नाही. ब्राइट एंजल ओढ्यात दहा मिनिटं पाय बुडवा, नीट पुसा, कोरडे मोजे घाला, फोड येईलसं वाटेल तिथे आत्ताच पट्टी लावा. फँटम रँचचं कँटीन चालू असेल तर लिंबूसरबत मिळतं. खारींना काही देऊ नका, त्या चावतात. बाराला निघा.

चढ

रुपेरी पुलावरून पलीकडे आलं की वाट थोडा वेळ नदीकाठाने वाळूतून जाते, मग ओढ्यात शिरते आणि डेव्हिल्स कॉर्कस्क्रू नावाची वळणं चढते. ती दुपारच्या उन्हात येतात. टोपी, मान आणि सदरा ओढ्यात भिजवून घ्या. हवासुपाई गार्डन्सला पावणेचारपर्यंत पोचा आणि सव्वाचारला सोडा. इथून पुढे चाल अशी हवी की चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल. धाप लागली तर चाल चुकली. तासाला एकदा पाच-सात मिनिटं पाय उंचावर टाकून बसा.

जेकब्स लॅडरची वळणं रेडवॉलमधून चढवतात आणि साडेपाचच्या सुमाराला तीन मैलांचा निवारा येतो. पाठीमागे सगळी दरी गुलाबी, मग जांभळी होते. पुढची दहा मिनिटं तिच्यासाठी राखून ठेवा, वेळापत्रकात लिहून ठेवा. बसण्याआधी मात्र घामेजलेला सदरा काढून कोरडा घाला, वर जाकीट.

आता रांग लावा. सगळ्यात हळू चालणारा दुसरा, अनुभवी माणूस शेवटी. पहिल्याने मागच्याच्या चालीने चालायचं. कुणाच्या तोंडावर उजेड मारायचा नाही, बोलायचं तर मान खाली. गटाची फाटाफूट अजिबात नको. मी पुढे जाऊन गाडी गरम करतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

वाट चुकायची भीती मनातून काढा. इथून काठापर्यंत ती रुंद आहे, फाटे नाहीत, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी. कड्याच्या बाजूने चाला. कातळाला हात टेकायचा तर आधी उजेड टाका. विंचू असतात, आणि उबेला आलेला साप क्वचित वाटेवर असतो. दोन हिरवे डोळे चमकले तर बहुतेक हरीण असतं.

वर काठावर दिवे दिसायला लागतात. त्यांच्याकडे बघून अंतर मोजू नका. एका वळणावर ते डोक्यावर असतात, पुढच्या वळणावर नाहीसेच होतात, आणि दमलेल्या माणसाचा धीर तिथे सुटतो. खुणा पायाखाली शोधा. लाल माती आणि दीड मैलांचा निवारा, साधारण सात वाजता. मग टॉर्चच्या उजेडात वाट एकदम फिकट, दुधाळ होते. तो कोकोनिनो. त्याच्यातच खालचा बोगदा लागतो, म्हणजे मैलभराच्या आत आलात. वरचा बोगदा आला की काही मिनिटं उरली. या शेवटच्या टप्प्यात आमच्याकडे कुणीतरी हळूच अभंग म्हणतं, मागचे ओळ उचलतात. टाळाशिवायही पावलं एका लयीत पडतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. सावळ्या अंधारात पंढरीची वाट म्हणताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

वाटेच्या माथ्यावरच्या कोल्ब स्टुडिओच्या भिंतीशी वर आलात की साडेआठ झालेले असतील. त्या वेळी भारतात सकाळचे नऊ. घरच्या कुणाकडे तरी तुमची वाट, गाडीचा नंबर आणि ‘अकरापर्यंत फोन आला नाही तर ९११ला कळवा’ एवढं लिहून ठेवलेलं असावं, आणि तो माणूस अमेरिकेतच असावा. त्याला पहिला फोन करा, मग आईला.

गाडीत आधीच ठेवून द्या : चपला, गरम टोपी, थर्मासमध्ये वरण, जाड पांघरूण. आणि त्या रात्री फिनिक्सला परत निघू नका. साडेतीन तासांचा रस्ता आहे, हायवेवर एल्क जातीची मोठी हरणं उभी असतात, डोळ्यांवर झोप असते. उद्यानाबाहेरच्या टुसायन गावात खोली सप्टेंबरातच धरा, तळमजल्यावरची मागा.